राखेतली ज्वारी

'सेंद्रिय' हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला तो माझ्या मोठ्या मुलीनं आणलेल्या पिठाच्या पुड्यावर छापून. पुडा देखणा होता. त्यावर बैलजोडी होती, उगवता सूर्य होता, आणि एक शेतकरी इतक्या पांढऱ्याशुभ्र धोतरात उभा होता की त्यानं शेत पाहिलं असेल तर ते मोटारीच्या काचेतूनच. मुलगी तो पुडा सेंद्रिय धान्याच्या प्रदर्शनातून घेऊन आली होती. प्रदर्शनाला तिनं मलाही नेलं होतं. उद्घाटनाचे पाहुणे उशिरा आले, विषमुक्त अन्नावर बरंच बोलले, आणि त्यांना जो भाज्यांचा गुच्छ दिला तो चकचकीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला होता. मी हे मुलीला दाखवलं, तर ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला दरवेळी काहीतरी सापडतंच."

सापडतं खरं. पण त्या पुड्यामुळं जे सापडलं ते मी तिच्याजवळ बोललो नाही.

मुली लहान होत्या तेव्हा मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तात्पुरता कारकून होतो. तात्पुरता म्हणजे नऊ वर्षं. पगार दोन-तीन महिने अडकायचा आणि मग एकदम यायचा, तोही आपल्यावर उपकार केल्यासारखा. शहराचं नाव तेव्हा वेगळं होतं, आणि आम्ही शहागंजच्या मागच्या एका बोळात दोन खोल्यांत राहायचो. माझ्या घरात तीन पिढ्या लेखणीवर जगलेल्या. आजोबा निजामाच्या काळात कचेरीत नकला करायचे, वडील पुढं तालुक्याला लिपिक झाले. धान्य घरात पोत्यानं येतं आणि डब्यात भरतात, एवढंच आमचं शेतीचं ज्ञान. बायको मात्र पिशोरजवळच्या शेतकऱ्याच्या घरची. आमच्या लग्नाला दोन्ही घरांतून विरोध झाला, पण तो यथावकाश थकला. सगळ्यात आधी थकले ते माझे सासरे. त्यांना सगळे आबा म्हणत, मीही म्हणायचो.

आबांच्या गावात एक रीत होती आणि बऱ्याच गावांत ती अजून असेल. विकायचं पीक वेगळं, खायचं वेगळं. मोठ्या रानात खत पडायचं, फवारा व्हायचा, आणि तो माल मोंढ्यावर जायचा. घरच्यासाठी मात्र विहिरीजवळची एक पट्टी राखलेली असायची. तिच्यात फक्त शेणखत, आणि घरचं जुनं बियाणं. त्या ज्वारीला काही नावही नव्हतं. 'आपली जवारी' एवढंच. मी एकदा आबांना म्हणालो, "म्हणजे दुसऱ्यांची लेकरं फवारा खातात, आणि आपली नाही." त्यांनी हे मनाला लावून घेतलं. मग म्हणाले, "व्हय पाव्हणं. ते काय बरं नाय. पर समद्या रानाला शेण कुठून आणू?" पुस्तकं वाचून मला प्रश्न विचारता यायचे. शेणाची सोय त्यांच्यात नव्हती.

त्या पट्टीतली ज्वारी आमच्याकडं यायची. एसटीच्या टपावर पोतं, आणि पोत्याच्या तोंडाशी खोचलेली तुरीची पुरचुंडी. या दोन गोष्टींवर बायकोनं संसार उभा केला होता. तूर ती घरीच भरडायची. विरजण, ताक, आठवड्याच्या सायीचं तूप घरचं. येसर घरचं, म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ, ज्याच्या दोन चमच्यांवर चौघांची आमटी व्हायची. बाजार उठताना ती अंबाडीच्या जुड्या घ्यायची, कारण तेव्हा भाजीवाली त्या नुसत्या उचलून देते. मैदानाच्या कडेला उगवलेली घोळाची भाजी कुठली खावी आणि कुठली नाल्याजवळची म्हणून सोडावी, हे तिला नजरेनं कळायचं. मुलींना बिस्कीट ठाऊक होतं ते दुसऱ्यांच्या घरचं. मधल्या वेळचं खाणं म्हणजे गूळ-शेंगदाणे, नाहीतर कालच्या भाकरीचा तूप-गुळातला कुस्करा. या सगळ्याला तिनं कधी तत्त्व म्हटलं नाही. "दुसरं हाय काय आपल्याकडं?" म्हणायची. पण मुली शाळेच्या वजनकाट्यावर उभ्या राहायच्या तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी माझ्या मेहुण्यानं गावात स्लॅबची खोली बांधायला काढली. त्यासाठी मागची मातीची खोली पाडली. आबांचं बियाणं त्याच खोलीत मडक्यात असायचं. पीक उभं असतानाच ते चांगली कणसं हेरून ठेवायचे, ती वेगळी वाळवायची, हातानं मळायची, आणि दाणे राखेत कालवून कडुनिंबाच्या पाल्यासकट ठेवायचे. खोली पडली, मडकं उघड्यावर आलं. मेहुण्याला त्या पट्टीतही मकाच लावायचा होता आणि बियाणं म्हशीच्या पुढ्यात जाईल अशी आबांना धास्ती होती. म्हणून चैत्रात ते स्वतः एसटीनं आले आणि जुन्या धोतराची पिशवी आमच्या माळ्यावर ठेवून गेले. पायलीभर असेल. "दसऱ्याच्या आत मागून घेतो," म्हणाले. "तवर लेकीच्या घरी सुखरूप राहील."

बायकोनं मला बजावलं होतं, त्या पिशवीला हात लावू नका. मी वाचत होतो. मी 'हं' म्हणालो. काय वाचत होतो ते आज आठवत नाही.

भाद्रपद संपत आला तेव्हा आबा आजारी असल्याचा निरोप आला. बायको दोन दिवसांसाठी गेली. जाताना म्हणाली, "मुलींना बाहेरचं काही देऊ नका." दोन दिवसांचे दहा झाले. मोठी सात वर्षांची, धाकटी चारची. डब्यातलं पीठ संपलं, मग कोठीतली ज्वारीही. पगार नेहमीसारखा अडकलेला. शेजारी मागणं मला जमणारं नव्हतं, कारण आमच्या घरात गरिबी चालायची पण ती कुणाला दिसलेली चालत नसे.

तेव्हा मला माळ्यावरची पिशवी आठवली. बायकोचं सांगणं आठवलं नाही. पिशवीत राख दिसली, आणि धान्याला कीड लागू नये म्हणून जुने लोक राख घालतात हे मी वाचलेलं होतं. मला स्वतःचं कौतुकच वाटलं. मी ती ज्वारी चाळली, पाखडली, तीन पाण्यांनी धुतली, गच्चीवर वाळवली. राख आणि पाला कचऱ्यात टाकला. धोतराची पिशवी साबणानं धुऊन दोरीवर घातली. गिरणीवाल्यानं गिरणीच्या तोंडात ओतता ओतता दाणे हातावर घेतले आणि म्हणाला, "साहेब, दाणा न् दाणा सारखा. निवडून आणला काय?"

"घरचा आहे," मी ऐटीत म्हणालो.

आता यापुढचा भाग मी पंचवीस वर्षं कुणाला सांगितलेला नाही.

मला भाकरी येत नव्हती. येईल असं वाटलं होतं. ज्वारीचं पीठ किती मळावं लागतं, पाणी किती कोमट लागतं, हे बघून कळत नाही. माझ्या भाकरीला परातीतच तडे जायचे, तव्यावर तिचे तुकडे व्हायचे, आणि वरून करपून आत कच्ची राहायची. पहिल्या दिवशी मुलींनी ताकात बुडवून दोन-दोन घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी धाकटीनं तोंडातला घास हातात काढून मला परत दिला. मग मी कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव आणला. दोघींनी तो चहात बुडवून अशा आनंदानं खाल्ला की मी रोज आणू लागलो. भाकरीही रोज करत होतोच. उद्या जमेल असं वाटायचं. शिवाय एवढं शुद्ध पीठ घरात असताना पाव खायला घालतोय ही टोचणी त्या थापण्यानं जरा कमी व्हायची.

शेजारच्या खालांकडं एक शेळी होती. माझ्या हातात ताट बघून त्यांनी विचारलं, "भाईसाब, ये क्या फेंकने जा रै?"

"रोटी आहे. जरा बिघडलीय."

त्यांनी एक तुकडा उचलून उलटसुलट पाहिला. "ये रोटी है जी?" मग मोठ्या सभ्यपणानं म्हणाल्या, "फेंको नक्को. बकरी कू डालो. उसकू तो सब चलता."

शेळीला खरोखरच सगळं चालायचं. ताट पोचवायचं काम मोठीकडं होतं. ती ते आवडीनं करायची, कारण शेळी तिच्या हातातून खायची.

अकराव्या दिवशी सकाळच्या गाडीनं बायको आली. दारातूनच तिला दोरीवरची पिशवी दिसली.

"ही पिशवी कुणी धुतली?"

"मी," मी म्हणालो. कौतुकाची अपेक्षा होती, हेही लिहून टाकतो.

"अन् आतलं?"

"दळलं. घरात काहीच नव्हतं."

ती पायरीवर बसली. चप्पल पायातच होती. "ते आबांचं बी होतं," ती म्हणाली. "मी तेच न्यायला आले. दादा म्हणतोय, दोन दिवसांत बी आलं तर पट्टी पेरतो, नाय तर मका घालतो. आबा खाटेवरनं रोज विचारतात, पोरगी बी घेऊन आली का." मग थोड्या वेळानं, "समदं दळलं?"

"सगळं."

शेतकऱ्याच्या घरात उपास घडतात, पण बियाणं कुणी खात नाही. हे मला त्या क्षणी कुणी शिकवलं नाही. तिच्या बसण्यावरून कळलं.

"लेकरांनी खाल्लं ना?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो.

डब्याच्या तळाशी मूठभर पीठ होतं. ती उठली, हातपाय धुतले, आणि त्या पिठाची एक लहानशी भाकरी थापली. पापुद्रा सुटून ती तव्यावर टम्म फुगली. अर्धी-अर्धी दोघींना दिली. मुलींनी मान वर न करता खाल्ली. त्यांच्याकडं बघत ती म्हणाली, "जाऊ द्या. लेकरांच्याच पोटात गेलं."

यानंतर ती मला घेऊन शहागंजात गेली. धान्याच्या एकेका दुकानापुढं थांबायची, पोत्यात हात घालायची, दाणा दातांखाली फोडायची आणि पुढं चालू लागायची. आबांचा दाणा जरा चपटा, पिवळसर, चावला की कट्कन् आवाज करणारा. बाजारातला गोल आणि पांढरा. एका दुकानदारानं शेवटी विचारलं, "बाई, घ्यायचं का नुसतं न्याहारी करायची?" ती हसली नाही आणि चिडलीही नाही. म्हणाली, "भाऊ, थोडी पिवळी नाय का कुठं?" त्यानं मागून एक अर्धं पोतं ओढलं. त्यातल्या त्यात जवळची ती ज्वारी. घरी येऊन तिनं एकेक करून पांढरे दाणे वेचून काढले. खालांच्या चुलीतली राख मागून आणली, कडुनिंबाचा पाला घातला. पिशवी फार स्वच्छ दिसत होती, म्हणून तिलाही बाहेरून राख चोळली. मी पाला तोडून दिला, एवढाच माझा हातभार.

दुपारच्या गाडीनं आम्ही चौघं आबांच्या गावी गेलो. आबा ओट्यावर खाटेवर होते. ते इतके लहान झाले होते की धाकटी त्यांना ओळखेना. बायकोनं पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी गाठ सोडली, आत हात घातला, चिमूट काढून राख फुंकली, आणि एक दाणा दातांखाली धरला.

मेहुणा भिंतीला टेकून उभा होता. "आबा, बघून झालं का? मका पेरला असता तर आतापोतर उगवला असता."

आबा सावकाश चावत होते. मग म्हणाले, "हां. हीच. पेर."

बायको चहा टाकायला आत गेली. तिच्या पाठीवरून मला कळलं की ती तिकडं रडणार आहे. मेहुणाही तिफण बघायला गेला. मी खाटेजवळ उभा होतो. आबांनी मला बस म्हणून खूण केली.

"पाव्हणं," ते म्हणाले, "लेकरांनी खाल्ली ना पोटभर?"

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. त्यांना खरंच एवढंच हवं होतं.

"हो आबा," मी म्हणालो. "पोटभर."

"मंग झालं." त्यांनी पिशवीची गाठ मारली. "तिला म्हणू नगा मला कळलं म्हणून. लई खटपट केली पोरीनं. एक एक दाना निवडलाय."

दुसऱ्या दिवशी पट्टी पेरली. आबा ओट्यावरून तिकडं बघत होते. तिथून विहीर दिसायची, पट्टी दिसायची नाही.

ते मार्गशीर्षात गेले, ज्वारी पोटऱ्यात येऊन कणीस धरायच्या आधी. पीक आलं ते खालीवर, कुठं गुडघ्याएवढं, कुठं डोक्याएवढं. मेहुणा म्हणाला, "अवंदा आबाची जवारी ठेंगणी झाली. पाऊस नव्हता ना." पोतं नेहमीसारखं आलं. भाकरी भाकरीसारखीच लागली. फक्त बायकोनं त्या ज्वारीला कधी 'आपली' म्हटलं नाही. पुढच्या वर्षी पट्टीत मका गेला, त्यानंतर अद्रक, आणि आता तिथं ठिबकच्या नळ्या आहेत. मेहुण्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्याही मुलांच्या फिया होत्या.

आम्ही शहागंजातून ज्वारी आणू लागलो. घर तसंच चालू राहिलं, येसर, ताक, अंबाडी, सगळं. बायको दाणा दातांखाली फोडूनच घ्यायची. अजून घेते. दुकानदार बदलले, त्यांची मुलं गल्ल्यावर बसली, तीही आता तिला ओळखतात. ती काय शोधते ते त्यांना माहीत नाही.

आबा खऱ्या समाधानानं गेले असं तिला वाटतं. बियाणं तेच आहे असं मानून त्यांनी डोळे मिटले, आणि आपण म्हाताऱ्या बापाला फसवलं हे पाप आपल्या माथी आहे, असं ती एकदाच बोलली. मी तिला तेव्हा सांगू शकलो असतो की आबांना कळलं होतं, आणि त्यांनी सगळं माफ केलं होतं. पण मग त्यांनी काय विचारून माफ केलं हेही सांगावं लागलं असतं. त्यांनी माफी दिली होती ती माझ्या 'पोटभर' या शब्दावर. तिनंही त्याच शब्दावर दिली होती. आणि तो शब्द खालांच्या शेळीचा होता. मी गप्प बसलो. आबांनी सांगू नका म्हटलं होतं, हे कारण हाताशी होतंच.

तर तो पुडा. मोठी मुलगी आता स्वतः आई आहे. तिच्या मुलाला दात येताहेत, जावयाची नोकरी कंत्राटी आहे, आणि मुलाला बाजारचं काही द्यायचं नाही असं तिनं ठरवलं आहे. हा पुडा तिनं एकदाच घेतला. दर महिन्याला परवडणार नाही हे तिला कळतं. "आई, मला भाकरी शिकव," ती म्हणाली. "आणि ज्वारी कुठली घ्यायची तेही."

बायकोनं पुडा फोडला, पीठ तळव्यावर घेऊन बोटानं चोळलं, जिभेला लावलं. "बरं हाय," म्हणाली. परात घेतली. मुलगी शेजारी बसली. मी खुर्चीत वर्तमानपत्र धरून होतो.

"पाणी आणखी थोडं. हां. आता मळ. अजून मळ. हातात जीव नाय का तुझ्या?" मग थापता थापता ती म्हणाली, "तुझ्या बापानं एकदा केल्या होत्या भाकरी. आबांच्या बियाण्याच्या. तुला आठवतं का?"

मुलीचे हात पिठात थांबले. तिनं माझ्याकडं पाहिलं. सात वर्षांच्या मुलीला शेळी आठवत नाही असं होत नाही. तिच्या हातातून खायची ती.

"आठवतं की," ती म्हणाली. "आम्ही रोज खायचो."

"पोटभर?"

"पोटभर," मुलगी म्हणाली, आणि खाली मान घालून पुन्हा मळायला लागली.